भोसरीतल्या मशीन शॉपने ईआरपी घेण्याआधी काय करावं

प्रश्न थोडक्यात असा. भोसरी एमआयडीसीत चोवीस माणसांचं मशिनिंगचं युनिट आहे. सहा सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी मशीन), दोन व्हीएमसी (तशीच, पण उभ्या स्पिंडलची), एक बँडसॉ (बार कापायची करवत). माल चाकणच्या दोन टियर-१ कंपन्यांना (वाहन कंपन्यांना थेट माल देणाऱ्या) जातो, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग बाहेरून करून घेतलं जातं. उलाढाल सहा-सात कोटींची. हिशेब टॅलीवर, बाकी सगळं रजिस्टर, एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. दोन वर्षांपूर्वी एक सॉफ्टवेअर घेतलं होतं, ते सहा महिन्यांत बंद पडलं. आता पुन्हा ईआरपीवाले (खरेदी, स्टॉक, उत्पादन, बिलं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर विकणारे) डेमो देत आहेत. घ्यावं का, आणि घेतलं तर सुरुवात कुठून करावी?

घ्या. पण त्याआधी दोन-तीन महिन्यांचं काम तुम्हालाच करावं लागेल. ते कुठलाही सॉफ्टवेअरवाला करून देत नाही, आणि ते न करता घेतलेलं सॉफ्टवेअर पुन्हा बंद पडेल.

गेल्या सात-आठ वर्षांत धंद्यात नेमकं काय बदललं ते आधी पाहू. चलान, बिल, जावक रजिस्टर ही पूर्वी आपल्यापुरती असायची. ग्राहकाच्या स्टोअरमध्ये दहा नग कमी निघाले तर फोन यायचा, पुढच्या गाडीत दहा नग जास्त जायचे, विषय मिटायचा. आज तुमचं एकच बिल ग्राहकाच्या पोर्टलवर, जीएसटीच्या पोर्टलवर आणि बिल डिस्काउंट करत (बिलावर आधीच पैसे उचलत) असाल तर बँकेकडे, असं तीन ठिकाणी वाचलं जातं. तिन्हीकडे आधी मशीन वाचतं, माणूस नंतर. पार्ट नंबरमधला एक डॅश चुकला किंवा दरात पाच पैशांचा फरक आला की जीआरएन (माल मिळाल्याची ग्राहकाकडची नोंद) अडतो, आणि जीआरएन अडला की पेमेंट अडतं. रजिस्टरातली चूक आता तुमच्या शेडमध्ये राहत नाही.

म्हणून या सगळ्या खटाटोपाचा गाभा एकच: जी गोष्ट जिथे घडते तिथेच, ज्याच्या हातून घडते त्यानेच, आणि एकदाच नोंदवायची. जुनं सॉफ्टवेअर बहुधा इथेच फसलं असणार. स्टोअरवाला रजिस्टरात लिहितो, सुपरवायझर फळ्यावर लिहितो, संध्याकाळी अकाउंटंट दोन्ही बघून संगणकात भरतो, असं चाललं की पडद्यावरचा स्टॉक कायम एक-दोन दिवस मागे असतो. दोनदा तो खोटा निघाला की सुपरवायझर रॅकपाशी जाऊन मोजू लागतो. तिसऱ्यांदा तो संगणक उघडतच नाही.

आता चाकणला जाणारं एक बिल जवळून बघा. ग्राहकाच्या पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) पार्ट नंबर, ड्रॉइंगचं रिव्हिजन, दर आणि एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) असतो. हे चारही तुमच्या बिलात अक्षरशः तसेच उतरायला हवेत. तुमची उलाढाल २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षात पाच कोटींच्या वर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून तुम्हाला ई-इनव्हॉइस लागू आहे. म्हणजे बिलाचा तपशील आधी पोर्टलवर जातो, तिथून ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि डिजिटल सही असलेला क्यूआर कोड येतो, आणि मगच ते बिल कायदेशीर ठरतं. चूक सापडली तर आयआरएन रद्द करायला २४ तास मिळतात. त्यानंतर क्रेडिट नोट काढण्याला पर्याय नाही. शिवाय रद्द केलेल्या बिलाचा नंबर त्या आर्थिक वर्षात पुन्हा वापरता येत नाही, कारण आयआरएन तुमचा जीएसटी नंबर, बिलाचा प्रकार, बिल नंबर आणि आर्थिक वर्ष यांच्यापासूनच बनतो. बिल रद्द करून त्याच नंबरचं नवं छापायची जुनी सवय इथे मोडावी लागते. उलाढाल दहा कोटींवर गेली की आणखी एक बंधन येतं: १ एप्रिल २०२५ पासून अशांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर नोंदवावं लागतं.

एक बारीक गोष्ट बऱ्याच ठिकाणी गाडी गेटवर अडकवते. ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीचा ऑनलाइन कागद) आणि ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर लॉगिन करताना ओटीपी लागतो, आणि १ एप्रिल २०२५ पासून ही सक्ती सगळ्यांना आहे. तो ओटीपी मालकाच्या मोबाइलवर येत असेल आणि मालक ग्राहकाकडे मीटिंगमध्ये असतील, तर माल भरलेली गाडी दारात उभी राहते. पोर्टलवर उप-वापरकर्ते तयार करा आणि डिस्पॅचच्या माणसाला त्याच्या मोबाइल नंबरसह स्वतंत्र लॉगिन द्या. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते ईआरपीच्या आधीही करता येतं.

आता खरं काम: आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या मालाची आणि भागांची मूळ यादी. इथे मी मुद्दाम वेळ घालवायला सांगतो, कारण पुढची प्रत्येक चूक इथूनच उगवते.

तुमच्या टॅलीत आणि एक्सेलमध्ये आज एकच बोल्ट तीन नावांनी असेल: ‘बोल्ट एम१० × ४०’, ‘एम१० हेक्स बोल्ट ४० मिमी’, ‘हेक्स १०/४०’. स्टॉक तीन जागी विभागला जातो आणि एकात शून्य दिसलं म्हणून नवी खरेदी होते. सगळ्या याद्या एका एक्सेलमध्ये ओढा, आकार आणि ग्रेडने क्रमवारी लावा, आणि जुळी नावं हातानेच एकत्र करा. कोड देताना त्यात अर्थ कोंबू नका. ‘आरएम-ईएन८-४०-रॅक३’ असा कोड छान वाटतो, पण रॅक बदलला की कोड खोटा होतो. कच्चा माल, खरेदीचे भाग, तयार माल, टूलिंग असे चार गट करा आणि प्रत्येकात साधा अनुक्रमांक द्या. बाकी माहिती वेगळ्या रकान्यांत. ड्रॉइंगचं रिव्हिजन तर नक्कीच वेगळ्या रकान्यात हवं. रिव्हिजन बदललं म्हणजे नवा आयटम की जुनाच, हे ग्राहकागणिक ठरवून लिहून ठेवा. काही ग्राहक बी आणि सी रिव्हिजनचा माल एकत्र घेतात, काही बी चा एकही नग आला तर सगळा लॉट परत पाठवतात.

दुसरी अडचण मापाची. बार किलोने येतो, कापला जातो मिलिमीटरमध्ये, दिला जातो नगाने, आणि स्क्रॅप पुन्हा किलोने विकलं जातं. या साखळीत एका नगाला किती माल लागतो, तो आकडा जवळजवळ सगळीकडे चुकीचा भरलेला असतो. उदाहरण घ्या. ४० मिमी व्यासाचा, ईएन-८ या ग्रेडच्या स्टीलचा गोल बार. गोल स्टीलचं दर मीटर वजन काढायचं सूत्र तुमच्या कटिंगवाल्याला तोंडपाठ असेल: व्यासाचा वर्ग भागिले १६२. म्हणजे १६०० भागिले १६२, ९.८८ किलो. ५.८ मीटरचा बार ५७.२८ किलोचा. कटिंगची लांबी ९२ मिमी, ब्लेडचे २ मिमी, म्हणजे एका नगाला ९४. व्हाइसमध्ये धरायला शेवटचे १२० मिमी सोडले तर ६० नग निघतात आणि १६० मिमीचा एंड पीस उरतो.

आता ड्रॉइंग बघून बिल ऑफ मटेरियल (एका नगाला कोणता माल किती लागतो ती यादी) भरणारा माणूस ९२ मिमीचं वजन लिहितो: ०.९०९ किलो. पण बारमधून प्रत्यक्ष गेलेला माल ५७.२८ भागिले ६० म्हणजे ०.९५५ किलो. एका नगामागे ४६ ग्रॅमचा फरक. त्यातले २० ब्लेडमध्ये गेले, २६ एंड पीसमध्ये. दहा हजार नगांना साडेचारशे किलोपेक्षा जास्त स्टील संगणकात शिल्लक दिसतं आणि रॅकवर नसतं. मग स्टोअरवाल्यावर संशय घेतला जातो. तो बिचारा काहीच चुकलेला नसतो. म्हणून मास्टरमध्ये प्रत्येक भागाला तीन वजनं भरा: एकूण लागणारं (इथे ०.९५५), कापलेल्या तुकड्याचं (०.९०९) आणि तयार नगाचं (समजा ०.६१०). शेवटच्या दोन आकड्यांतला फरक, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम, टर्निंग स्क्रॅप म्हणून भंगाराच्या गाडीत चढायला हवा. महिन्याचे नग गुणिले ३०० ग्रॅम आणि वजनकाट्याची पावती शेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होतं. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक कूलंट, माती आणि काट्याचा धरा. त्याहून जास्त आणि सतत एकाच दिशेने असेल तर शोध घ्या. भंगाराच्या विक्रीवरून आणखी एक नोंद: घेणारा जीएसटीत नोंदलेला असेल आणि करार अडीच लाखांच्या वर असेल, तर तो २ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) कापतो. ते पैसे पोर्टलवर जाऊन स्वीकारले तरच तुमच्या कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या कराच्या खात्यात) येतात. आपोआप येत नाहीत.

तुमच्याकडे चालू भाग साठ-सत्तर असतील तर हे मास्टरचं काम एका माणसाला तीन-चार आठवडे पुरतं. तो माणूस शॉप फ्लोअर ओळखणारा हवा. नव्याने लागलेल्या डेटा एंट्रीच्या मुलाकडे हे देऊ नका.

त्यानंतर बाहेर जाणारं काम. मशीन शॉपमध्ये पैसा सगळ्यात जास्त इथे हरवतो, आणि डेमोत मात्र यावर दोन मिनिटं बोलतात.

तळवड्याला प्लेटिंगला ५०० नग जातात. येताना ४८० येतात, १५ दोन दिवसांनी येतात, पाच रिजेक्ट म्हणून वेगळ्या पिशवीत येतात किंवा येतच नाहीत. दरम्यान त्याच भागाची दुसरी दोन चलानं सुटलेली असतात. परत आलेले नग कुठल्या चलानाचे, हे प्लेटिंगवाला लिहीत नाही आणि तुमचा स्टोअरवाला विचारत नाही. तीन महिन्यांनी कुठलीच शिल्लक जुळत नाही. यावर उपाय एकच: परत येणाऱ्या मालाची नोंद मूळ चलान नंबर निवडल्याशिवाय होऊच नये. सॉफ्टवेअरमध्ये हा रकाना सक्तीचा करून घ्या. प्लेटिंगवाल्याला सांगा की त्याच्या चलानावर तुमचा चलान नंबर नसेल तर माल गेटवरच थांबेल. आठ-दहा दिवस भांडणं होतील, मग सवय लागते.

मोजणी वजनाने करत असाल तर काट्यापेक्षा क्रेटकडे लक्ष द्या. वरच्याच भागावर ८ मायक्रॉनचं झिंक प्लेटिंग धरा. पृष्ठभाग साधारण १४० चौरस सेंटीमीटर, म्हणजे एका नगावर ०.८ ग्रॅम झिंक चढतं. ५०० नगांना ४०० ग्रॅम; एका नगाच्या वजनापेक्षाही कमी. म्हणजे प्लेटिंगने मोजणी बिघडत नाही. पण प्लास्टिक क्रेटच्या वजनात दोन किलोचा फरक असला, तर एका क्रेटमागे तीन नगांची चूक होते. क्रेटवर त्याचं रिकामं वजन रंगवून घ्या, आणि जाताना तेलकट, येताना कोरडे नग असतील तर दोन्ही वेळा दहा-दहा नग मोजून नगाचं वजन नव्याने काढा.

कायद्याची बाजूही इथेच येते. जॉबवर्कला (बाहेरून काम करून घ्यायला) पाठवलेला माल एका वर्षात परत यायला हवा, मशिनरीसारखा भांडवली माल तीन वर्षांत. नाही आला तर पाठवला त्या दिवशीच तो विकला असं धरून कर आणि व्याज लागतं. डाय, मोल्ड, जिग, फिक्श्चर आणि टूल्सना ही मुदत लागत नाही. कोणता माल कुठे गेला आणि काय परत आलं याचं आयटीसी-०४ हे विवरणपत्र भरावं लागतं: उलाढाल पाच कोटींवर असेल तर सहामाही, नसेल तर वार्षिक. जबाबदारी माल पाठवणाऱ्याची, म्हणजे प्लेटिंगच्या बाबतीत तुमची. चलानावर मालाची किंमत खरी लिहा. नुसती प्लेटिंगची मजुरी किंवा ‘एक रुपया’ लिहिण्याची पद्धत गाडी तपासणीत महागात पडते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं, आणि ही किंमत मालाची धरतात. ‘भोसरी ते चाकण जवळच आहे, पन्नास किलोमीटरच्या आत लागत नाही’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ती सवलत आपल्या जागेपासून वाहतूकदाराच्या जागेपर्यंत माल पुढच्या वाहतुकीसाठी नेताना गाडीचा तपशील न भरण्यापुरती आहे. थेट ग्राहकाकडे किंवा प्लेटिंगला जाणाऱ्या गाडीला ती लागू नाही.

ग्राहक स्वतःचं मटेरियल देऊन तुमच्याकडून मशिनिंग करून घेत असेल, तर त्या मालाची नोंद वेगळ्या गोदामाच्या नावाने, शून्य किमतीने ठेवा. तो तुमच्या स्टॉकमध्ये मिसळला की बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंटही चुकतं.

आता शॉप फ्लोअर. मशीन ऑपरेटरच्या हातात टॅबलेट देऊन दहा रकाने भरायला लावू नका. तेलकट हात, हातमोजे आणि घाई यांच्यात तो चालत नाही. प्रत्येक क्रेटबरोबर जॉब कार्ड, त्यावर क्यूआर कोड, आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक स्कॅन व दोन आकडे: चांगले किती, रिजेक्ट किती. बस. रिजेक्टचं कारण सात-आठ पर्यायांतून निवडायचं. ‘इतर’ हा पर्याय ठेवू नका, कारण पहिल्याच महिन्यात सगळं ‘इतर’मध्ये जाईल. स्कॅनर घेताना दोन मिती वाचणारा, म्हणजे इमेजर प्रकारचा घ्या. स्वस्तातला लेझर स्कॅनर फक्त उभ्या रेघांचा बारकोड वाचतो, क्यूआर वाचत नाही. लेबलचा मुद्दा वरकरणी किरकोळ, पण अर्धे प्रकल्प इथे रखडतात: कागदी लेबल आणि वॅक्स रिबनची छपाई कूलंट लागला की पुसली जाते. पॉलिस्टर लेबल आणि रेझिन रिबन वापरा. महाग पडतं, पण नग मोजून पुन्हा लेबल लावण्यापेक्षा स्वस्तच. ५० × २५ मिमीचं लेबल आणि २०३ डीपीआयचा थर्मल ट्रान्सफर प्रिंटर तुमच्या कामाला पुरतो.

मशीनमधून थेट डेटा घेण्याची सगळ्यांना घाई असते. आठही मशीनला एकदम सेन्सर लावू नका. ज्या मशीनपुढे माल साचतो ते एकच आधी घ्या. नव्या फानुक कंट्रोलला (मशीन चालवणाऱ्या संगणकाला) इथरनेट असेल तर फानुकच्या फोकस (FOCAS) या सॉफ्टवेअर लायब्ररीमधून सायकल चालू आहे की नाही, अलार्म आणि नगांची संख्या मिळते. जुन्या मशीनला टॉवर लॅम्पच्या हिरव्या दिव्यावरून सिग्नल घेता येतो, किंवा स्पिंडल मोटरच्या केबलवर करंट सेन्सर बसवून. सिग्नल घेताना ऑप्टो-कपलर किंवा रिलेने वेगळेपण ठेवा. कंट्रोलच्या २४ व्होल्टला बाहेरचं सर्किट सरळ जोडलं तर कार्ड जायची भीती असते. नगांची संख्या बहुतेक वेळा एम३० या, प्रोग्रॅम संपल्याच्या कोडवर मोजली जाते. ऑपरेटरने कटिंग न करता प्रोग्रॅम शेवटपर्यंत नेला तरी तो नग मोजला जातो, हे ध्यानात ठेवा. म्हणून मशीनचा आकडा आणि क्रेटचा आकडा दोन्ही हवेत.

या डेटातून ओईई, म्हणजे मशीनचा खरा उपयोग किती टक्के झाला ते, काढतात. ४८० मिनिटांची पाळी, जेवणाची ३० वजा, राहिली ४५०. मशीन प्रत्यक्ष ३३० मिनिटं चाललं: ७३ टक्के. सायकल तीन मिनिटांची, म्हणजे ११० नग व्हायला हवे होते, झाले ९९: ९० टक्के. त्यातले ९६ चांगले: ९७ टक्के. तिन्हींचा गुणाकार ६४. आता हा ६४ भिंतीवर टांगून काही होत नाही. न चाललेली १२० मिनिटं कुठे गेली ते बघा. बहुतेक शॉपमध्ये त्यातला मोठा वाटा सेटिंग आणि पहिल्या नगाच्या तपासणीची वाट बघण्यात जातो. इन्सर्ट बदलण्याचा आणि ब्रेकडाउनचा क्रम त्यानंतर. पहिल्या नगासाठी क्वालिटीचा माणूस वीस मिनिटांनी येत असेल, तर आठ लाखांच्या सॉफ्टवेअरपेक्षा मशीनपाशी एक गेज आणि ऑपरेटरला सहीचा अधिकार जास्त उपयोगी पडेल.

ड्रॉइंगबद्दल एक सूचना. ग्राहकाचं ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून फिरतं तेव्हा ते दाबलं जातं आणि टॉलरन्सचे बारीक आकडे धूसर होतात, ०.०३ आणि ०.०८ मध्ये फरक करता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे जुनं रिव्हिजन कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये राहतंच. एकच फोल्डर, त्यात फक्त चालू रिव्हिजनची पीडीएफ, आणि जॉब कार्डच्या क्यूआरवरून तीच उघडेल अशी सोय करा. पूर्ण ईआरपी आलं नाही तरी एवढं करता येतं.

चालू करायचा दिवस गुरुवार निवडा, आपल्या पट्ट्यातली साप्ताहिक सुट्टी. आदल्या संध्याकाळी सगळी आवक-जावक बंद, गुरुवारी संपूर्ण मोजणी. प्रत्येक रॅकवर दोन माणसं, एक मोजणारा, एक लिहिणारा, आणि दुपारी दुसऱ्या जोडीकडून प्रत्येक दहातला एक आयटम पुन्हा मोजून घ्या. मशीनवरचा अर्धवट माल विसरू नका; कुठल्या टप्प्यावर किती नग आहेत तेही भरायला हवं, नाहीतर पहिल्याच आठवड्यात स्टॉक उणे जातो. आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, शक्यतो हे करू नका. अकाउंटंट मार्चअखेरच्या कामात बुडालेला असतो.

जुनी रजिस्टरं किती दिवस चालू ठेवायची? एक महिना, आणि तारीख आधीच जाहीर करा. दोन्ही कायमची चालू राहिली तर लोक रजिस्टरच पाळतात. रजिस्टर बंद करण्याआधीची कसोटी साधी आहे: सलग तीन आठवडे, दर आठवड्याला वीस आयटम अचानक मोजायचे, आणि त्यातले किमान एकोणीस पडद्याशी जुळले पाहिजेत.

पैशांच्या वसुलीत मात्र तंत्रज्ञानाने लहान कारखानदाराच्या हातात खरं बळ दिलंय, आणि त्याचा वापर फारच थोडे करतात. उद्यम नोंदणीचा (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) नंबर प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे. १ एप्रिल २०२४ पासून असंही आहे की मुदतीत न दिलेला खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. त्यामुळे त्यांचा अकाउंट्स विभागच वर्षअखेरीला तुमचा उद्यम नंबर विचारतो. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स (TReDS) या, बिलं डिस्काउंट करण्याच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर नोंदणी सक्तीची आहे. ग्राहकाने तिथे बिल मान्य केलं की तुम्हाला ते बँकेकडे डिस्काउंट करून लवकर पैसे मिळतात, आणि ग्राहकाने नंतर पैसे बुडवले तरी बँक तुमच्याकडे मागत नाही. पण मान्यता मिळते ती जीआरएन झालेल्या, बिनचूक बिलालाच.

सुरक्षिततेचं थोडक्यात. ऑफिसचा संगणक घरून वापरता यावा म्हणून रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवतात. रॅन्समवेअर शिरण्याचा तो नेहमीचा रस्ता आहे. तो बंद करा, व्हीपीएन वापरा. बॅकअप तीन प्रती, त्यातली एक शेडच्या बाहेर, आणि एक कायम जोडलेली नसलेली. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. उघडून न बघितलेला बॅकअप आहे असं धरू नका. पुरवठादाराचं बँक खातं बदलल्याचं ईमेल आलं तर ईमेलमधल्या नंबरवर नव्हे, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, तेव्हा जुनं सॉफ्टवेअर काढून टाकण्याआधी त्यातला डेटा बाहेर काढून घ्या. युनिट प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद बंद न करता येणारी हवी, हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

एआयचं हल्ली प्रत्येक डेमोत येतं. ग्राहकाच्या पीओची पीडीएफ वाचून ऑर्डर भरणं, खरेदीची बिलं वाचणं, यात ते चांगला वेळ वाचवतं, मात्र दर आणि नग माणसाने बघूनच पुढे सोडावेत. एचएसएन आणि कराचा दर त्याला ठरवू देऊ नका.

राहता राहिली निवड. टॅली चांगली चालत असेल तर ती काढू नका. स्टॉक, जॉबवर्क आणि उत्पादन सांभाळून टॅलीत बिलं टाकणारं सॉफ्टवेअर शोधा. करारात तीन गोष्टी लेखी घ्या: सगळा डेटा एक्सेलमध्ये केव्हाही काढता येईल, सोडून गेलो तर तो किती दिवस मिळेल, आणि वापरकर्ते वाढले तर दर काय. तुमच्यासाठी म्हणून मोठे बदल करून घेऊ नका. जीएसटीचा नियम बदलला की कंपनी सगळ्यांना नवी आवृत्ती देते आणि बदललेली प्रत मागे पडते.

आणि डेमो त्यांच्या नमुना डेटावर बघू नका. तुमचा एक भाग, एक बार, एक चलान घेऊन जा आणि समोर बसून हे करून दाखवायला सांगा: ५.८ मीटरचे दहा बार किलोने आत घ्या, ६०० नग कापा, एंड पीस आणि टर्निंग वेगळं दाखवा. ५०० नग प्लेटिंगला पाठवा, दोन हप्त्यांत ४९५ परत घ्या, पाच रिजेक्ट दाखवा. ३०० नगांचं बिल काढा, आयआरएन आल्यावर ते रद्द करा आणि नव्या नंबरने पुन्हा काढा. ग्राहकाने दर मागच्या तारखेपासून बदलला असं धरून फरकाची नोट काढा. शेवटी त्या भागाची बारपासून बिलापर्यंतची सगळी हालचाल एका पडद्यावर मागा. हे तासाभराचं काम आहे. ‘हे नंतर करून देऊ’ असं ज्या पायरीवर ऐकू येईल, ती पायरी लिहून ठेवा आणि ती पूर्ण होईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.